शाँबेरीभोवतीच्या पांढऱ्या वाईन : आल्प्सच्या फ्रेंच बाजूचा एक प्रवास

जिनिव्हाच्या विमानतळावर उतरून माँ ब्लाँ पाहण्यासाठी शामोनीला जाणारे मराठी पर्यटक आता पुष्कळ आहेत. परंतु त्याच विमानतळावरून गाडी दक्षिणेकडे वळवून सुमारे सव्वा तासावरचे शाँबेरी गाठणारे फारच थोडे. फ्रेंच पांढऱ्या वाईनची आवड असूनही बर्गंडीच्या किमती ज्यांना परवडेनाशा झाल्या आहेत, त्यांनी ही वाट अवश्य धरावी, असे मी या प्रवासानंतर ठामपणे सांगू शकतो. साव्वा हा प्रांत १८६० साली फ्रान्समध्ये सामील झाला. तेथील द्राक्षबागा जेमतेम दोन हजार हेक्टरांच्या, म्हणजे फ्रान्सच्या एकूण द्राक्षलागवडीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहेत. तेथे तयार होणाऱ्या वाईनपैकी बहुतांश पांढरी असते आणि तीही मोठ्या प्रमाणावर त्याच परिसरात पिऊन संपते.

या वाईनला नाव मिळाले नाही याचे मुख्य कारण बर्फावरचे पर्यटन हेच असावे, असे मला वाटते. हिवाळ्यात स्कीइंगसाठी येणारी गर्दी दमूनभागून उपाहारगृहात शिरते, वितळलेल्या चीजबरोबर जी पांढरी वाईन पुढे येईल ती पिते आणि घरी परततांना तिचे नावही विसरते. असे बांधलेले गिऱ्हाईक असले, की वेलींवर अधिकाधिक घड ठेवून पातळ, आंबट वाईन काढण्याचा मोह उत्पादकांना होणारच. अशी वाईन आजही मिळते आणि आम्हालाही एका ठिकाणी ती मिळाली. मात्र गेल्या काही दशकांत अनेक घरांनी उत्पादन कमी करून, उतारांवरच्या जुन्या वेलींकडे नीट लक्ष देऊन कामाची पद्धत बदलली आहे. किमती मात्र अजून जुन्या लौकिकालाच चिकटून राहिल्या आहेत आणि प्रवाशाचा फायदा आहे तो याच तफावतीत.

आल्प्समधील द्राक्षबागा म्हटले की उंच शिखरांजवळचे मळे डोळ्यांसमोर येतात. पण येथील बहुतेक बागा समुद्रसपाटीपासून साधारण २५० ते ५०० मीटर उंचीवर, दऱ्यांच्या कडेने पसरल्या आहेत. शाँबेरीच्या दक्षिणेला शार्त्रूझ आणि पूर्वेला बोझ हे पर्वतसमूह समोरासमोर उभे आहेत आणि त्यांच्यामधून इझेर नदीच्या खोऱ्याकडे जाणारा रस्ता बागांच्या मधूनच जातो. आम्ही मुक्काम शाँबेरीतच ठेवला आणि पुढे येणाऱ्यांनीही तसेच करावे, कारण पॅरिसहून वेगवान रेल्वेने हे शहर सुमारे तीन तासांवर आहे आणि महत्त्वाच्या गावांपैकी बरीचशी पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्यात आहेत.

शहराच्या मध्यभागी चार हत्तींचे एक कारंजे आहे, तेथे मराठी माणसाने थोडे थांबावे. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा सेनानी बेन्वा द ब्वान्य, आपल्या इतिहासग्रंथांतला डी बॉईन, हा मूळचा शाँबेरीचाच. पाटण आणि मेडता येथील १७९० च्या लढाया गाजवून, प्रचंड संपत्ती घेऊन तो मायदेशी परतला आणि तिचा मोठा भाग त्याने या शहरासाठी खर्च केला. त्याच्या स्मरणार्थ १८३८ साली उभारलेल्या या स्मारकात हत्तींचे पुढचे अर्धेच अंग दिसत असल्यामुळे स्थानिक लोकांनी त्याला बरेच चावट टोपणनाव दिले आहे.

द्राक्षांचा प्रवास सुरू करावा तो शार्त्रूझच्या पायथ्याच्या आप्रमाँ आणि आबीम येथून. २४ नोव्हेंबर १२४८ च्या रात्री समोरच्या ग्रानिए डोंगराची अख्खी कडा कोसळली, खालची गावे गाडली गेली आणि हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दरड म्याँ गावच्या देवीच्या, म्हणजे माता मेरीच्या, दारात थांबली अशी तेथे श्रद्धा आहे आणि ते देऊळ आजही तीर्थक्षेत्र आहे. चुनखडीच्या त्याच ढिगाऱ्यावर पुढे वेली लावल्या गेल्या. बागांमध्ये मध्येच घराएवढे धोंडे दिसतात, खळग्यांत साचलेली लहान तळी दिसतात आणि वर पाहिले की ग्रानिएची तुटलेली उभी भिंत अजून तशीच उघडी आहे.

या दगडांवर येते ते झाकेर हे द्राक्ष. साव्वामध्ये सर्वाधिक लागवड याच जातीची आहे. तिची वाईन फिकट, हलकी आणि तरतरीत असते. मद्यार्क बहुधा साडेदहा ते बारा टक्क्यांच्या आसपास. लिंबाची साल, हिरवे सफरचंद, पांढरी फुले आणि मागे राहणारी ओल्या दगडासारखी चव एवढाच तिचा विस्तार. नाशिकच्या सॉव्हिन्याँ ब्लाँच्या ठळक गंधाची सवय असलेल्यांना ती पहिल्या घोटाला मुकी वाटण्याची शक्यता आहे. तिला जेवणाबरोबर थोडा वेळ द्यावा. उत्पादकाच्या दारात चांगली आप्रमाँ सुमारे सात ते दहा युरोंत मिळते आणि त्या किमतीत इतकी स्वच्छ पांढरी वाईन फ्रान्समध्ये अन्यत्र सहजी सापडत नाही. मात्र ती ताजीच प्यावी. दोन-तीन वर्षांपलीकडे ठेवून तिला फारसे काही मिळत नाही, म्हणून बाटलीवरचे वर्ष पाहिल्याशिवाय घेऊ नये.

खोरे ओलांडून बोझच्या दक्षिणाभिमुख उतारांवर आले की शीन्याँ लागते. येथे ऊन जास्त, उतार तीव्र आणि द्राक्ष वेगळे : रोन नदीच्या खोऱ्यातील रुसान, ज्याला या गावात बेर्झराँ म्हणतात. लेबलावर ‘शीन्याँ’ एवढेच असेल तर ती पांढरी वाईन बहुधा झाकेरची असते. ‘शीन्याँ-बेर्झराँ’ असेल तर ती केवळ रुसानची असते आणि दोन्हींच्या अंगात आणि किमतीत बराच फरक आहे. बेर्झराँला जर्दाळूचा, मधाचा गंध असतो, ती जिभेवर भरीव लागते आणि चांगल्या वर्षातली असेल तर पाच-सात वर्षे सहज टिकते. तिच्यासाठी चौदा ते बावीस युरो मोजावे लागतात. रोनच्या उत्तर खोऱ्यातील याच द्राक्षाच्या नामांकित बाटल्यांच्या तुलनेत ही किंमत पुष्कळच कमी आहे. तरीही काही घरांची बेर्झराँ मला जरा अति पिकलेली, जड वाटली, हे सांगितले पाहिजे. ऊन वाढत चालले आहे, त्याचा हा परिणाम असावा.

मला स्वतःला या साऱ्या प्रवासात सर्वांत श्रेष्ठ वाटली ती मात्र आल्तेस या द्राक्षाची वाईन. ती प्यायची तर शाँबेरी सोडून बुर्झे सरोवराच्या पलीकडे, डोंगराखालचा बोगदा ओलांडून झाँज्यो गावी जावे लागते आणि बहुतेक प्रवासी तेवढा त्रास घेत नाहीत. गावावरच्या मारेस्तेल नावाच्या उतारावर चुनखडीच्या खडीत या वेली उभ्या आहेत. चढ इतका उभा की चालतांना दम लागतो. माथ्याजवळ एक लहान चॅपेल आहे, तेथून खाली रोन नदीचे वळण दिसते आणि जिनिव्हाकडून स्पेनमधील सांतियागोला पायी निघालेले यात्रेकरूही याच वाटेने जातात. राजघराण्यातील एका विवाहाबरोबर हे द्राक्ष सायप्रसहून आले अशी कथा तेथे आवडीने सांगितली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही, पण ती सांगणाऱ्याला अडवू नये.

आल्तेसच्या वाईनला ‘रुसेत द साव्वा’ हे स्वतंत्र भौगोलिक नामांकन आहे आणि त्यात दुसरे द्राक्ष चालत नाही. फ्राँजी, मारेस्तेल, माँथू आणि माँतर्मिनो या चार जागांनाच आपले नाव लेबलावर लावण्याची मुभा आहे. रुसेत आणि रुसान ही नावे सारखी वाटली तरी द्राक्षे पूर्ण वेगळी आहेत, हे दुकानात विसरू नये. तरुणपणी ही वाईन थोडी आखडलेली असते. चार-पाच वर्षांनी तिच्यात बदाम, मध, मेण आणि संत्र्याच्या सालीचे पदर उलगडू लागतात आणि आंबटपणा मात्र खाली कण्यासारखा ताठ राहतो. झाँज्योतील एका वृद्ध उत्पादकाने तळघरातून दहा वर्षांहून जुनी मारेस्तेल काढून आम्हाला चाखायला दिली. तिची खोली पाहता तिची किंमत तिप्पट असती तरी कोणी तक्रार केली नसती. नवी बाटली तेथे साधारण बारा ते अठरा युरोंना मिळते. माझ्या मते आजच्या घडीला फ्रान्समध्ये ठेवण्याजोगी पांढरी वाईन यापेक्षा स्वस्त क्वचितच मिळेल.

शामोनीचा कार्यक्रम ठरलेलाच असेल तर वाटेत बॉनव्हीलजवळ आयझ हे गाव आहे. ग्रँझे हे अत्यंत दुर्मीळ द्राक्ष जवळजवळ तेवढ्याच भागात उरले आहे आणि त्याची फेसाळ वाईन चांगली असते. २०२१ मध्ये निधन पावलेल्या दोमिनिक बेलुआर यांनी या द्राक्षाला जगभर नाव मिळवून दिले. त्यांच्या बाटल्या आता संग्राहकांच्या किमतीला गेल्या आहेत, त्यांचा नाद सोडावा. लेमान म्हणजे जिनिव्हा सरोवराकाठची रिपाय ही शास्ला द्राक्षाची वाईन मऊ आणि साधी आहे. पलीकडच्या स्विस किनाऱ्यावर त्याच द्राक्षासाठी बरेच अधिक पैसे पडतात, एवढे तिच्याबद्दल पुरे.

प्रत्यक्ष भेटींविषयी काही सूचना. बहुतेक उत्पादक ही कुटुंबे आहेत, पर्यटनकेंद्रे नव्हेत. म्हणून आदल्या दिवशी फोन किंवा ईमेल करून वेळ ठरवावी. दुपारी बारा ते दोन दार बंद असते, रविवारी तर बहुधा दिवसभर. सप्टेंबरच्या तोडणीत कोणालाही फुरसत नसते, त्यामुळे मे-जून किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध उत्तम. चव घेण्याचे पैसे अनेक ठिकाणी घेत नाहीत, परंतु दोन-तीन बाटल्या विकत घेणे हा तेथला शिष्टाचार आहे. चाखलेली वाईन थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि गाडी चालवणाऱ्याने त्याचा संकोच करू नये, कारण फ्रान्समध्ये रक्तातील मद्याची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम एवढीच आहे. गाडी नसेल तर शाँबेरीहून लोकल रेल्वेने माँमेलियाँ किंवा शीन्याँ गाठून पुढे चालत जाता येते. झाँज्योला मात्र गाडीशिवाय जाणे कठीण.

शाकाहाऱ्यांची येथे उपासमार होत नाही, पण विचारून घ्यावे लागते. तार्तिफ्लेत या बटाटा-चीजच्या पदार्थामध्ये डुकराचे मांस असतेच. फॉन्ड्यूत फक्त चीज, वाईन आणि लसूण असते. बकव्हीटच्या पिठाचे क्रोझे नावाचे चौकोनी तुकडेही चीजमध्ये करून मिळतात. बोफोर आणि रब्लोशाँ ही चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात, हे कडक शाकाहाऱ्यांना आधीच ठाऊक असलेले बरे. मासे खाणाऱ्यांनी सरोवरातला पर्च मासा लोण्यात तळलेला मागवावा आणि त्याबरोबर झाकेर घ्यावी. फॉन्ड्यूबरोबर मला मात्र झाकेरपेक्षा आल्तेस अधिक पटली.

भारतात परततांना प्रौढ प्रवाशाला शुल्काशिवाय दोन लिटर मद्य आणता येते, म्हणजे नेहमीच्या मापाच्या दोन बाटल्या. त्या कपड्यांत गुंडाळून तपासणीच्या सामानात ठेवाव्यात. हातातल्या पिशवीत सुरक्षातपासणीच्या वेळी त्या जप्त होतील. आप्रमाँ तेथेच पिऊन घ्यावी, ती प्रवासासाठी नाही. सामानातली एक जागा बेर्झराँला द्यावी आणि दुसरी मारेस्तेलला. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात वाईन नीट राखील असे थंड कपाट घरी असेल तर दोन्ही जागा मारेस्तेललाच द्याव्यात.