तुम्ही विचारलंत म्हणून: न पाहिलेल्या देशांचे चित्रपट

तेहरान किंवा टोकियो कधी पाहिलेले नाही, फारसी किंवा जपानी येत नाही, तरीही तिथल्या नव्या चित्रपटांची परीक्षणे मराठीत कशाच्या बळावर लिहिता, असा प्रश्न मला फिल्म सोसायटीच्या खेळांनंतर नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, चित्रपट ज्या लोकांमधून येतो त्यांना काही गोष्टी सांगण्याची गरजच नसते, कारण त्या त्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात; त्या न सांगितलेल्या गोष्टी शोधणे आणि चित्रपटाचा किती भार त्यांच्यावर आहे हे तपासणे, हे परीक्षणाचे निम्मे काम आहे. हे काम दुरून करता येते, मात्र त्यासाठी चित्रपट दुसऱ्यांदा पाहावा लागतो आणि दोन खेळांच्या मध्ये बरेच वाचावे लागते.

आपल्याच मुंबईचे उदाहरण घेऊ. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला 2024 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळाला. त्यावरच्या परदेशी समीक्षांमध्ये पावसाबद्दल आणि निळसर प्रकाशाबद्दल मी पुष्कळ वाचले, आणि ते वर्णन योग्यच होते. परंतु रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती कागदपत्रांअभावी घर गमावते आणि रत्नागिरीकडे आपल्या गावी परतते, तेव्हा लालबाग-परळच्या माणसाला भाडेपावती कोणाच्या नावावर आहे, पुनर्विकासात कोण पात्र ठरले आणि कोण अपात्र, हे सगळे एका वाक्यातून ऐकू येते. 1982च्या गिरणी संपानंतर ज्या वस्त्यांमधून कोकणात परतणाऱ्यांच्या पिशव्या भरल्या गेल्या, तिथे तिचे परतणे ही केवळ कथेतली कलाटणी राहत नाही. आपल्याला हे आपसूक दिसते. इराणच्या चित्रपटातले असेच काही तेहरानच्या माणसाला आपसूक दिसत असणार, हे धरूनच मी त्या चित्रपटाकडे जाते.

मरियम मोगद्दम आणि बेहताश सनाईहा यांचा ‘माय फेवरेट केक’ 2024च्या फेब्रुवारीत बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवला गेला. सत्तर वर्षांची विधवा महीन तेहरानमध्ये एकटी राहते, एका वयस्कर टॅक्सीचालकाला घरी बोलावते, दोघे मद्य घेतात, गप्पा मारतात, नाचतात. कथा म्हणून पाहिली तर ती कोणत्याही शहरातल्या एकाकी वार्धक्याची गोष्ट आहे, आणि अनेकांनी ती तशीच वाचली. मात्र 1979च्या क्रांतीनंतर इराणी पडद्यावर स्त्रीचे केस झाकलेले असणे बंधनकारक झाले, आणि हे बंधन कथेतल्या बंद घरातही लागू राहिले, कारण अभिनेत्रीला पाहणारा प्रेक्षक तिच्यासाठी परका पुरुष मानला जातो. म्हणून त्यानंतरच्या इराणी चित्रपटांत आई मुलाला झोपवतानाही डोक्यावर रुमाल घेऊन असते आणि नवरा-बायको एकमेकांना स्पर्श करत नाहीत. प्रत्यक्षातल्या घरांत असे घडत नाही, हे तिथला प्रत्येक प्रेक्षक जाणतो आणि पडद्यावरचा तो खोटेपणा मनातल्या मनात वजा करून चित्रपट पाहतो. मुले, रस्ते आणि मोटारी यांनी तो सिनेमा इतका व्यापला, त्यामागचे एक कारण मला इथेच दिसते: घराच्या आतले खरे आयुष्य दाखवणे अशक्य असेल तर कॅमेरा दाराबाहेर थांबतो.

हे लक्षात घेतले की महीन स्वतःच्या घरात उघड्या केसांनी वावरते, ही चित्रपटातली सर्वांत मोठी घटना ठरते, आणि तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही म्हणून ती आपल्या नजरेतून सुटू शकते. शेजारीण पुरुषाच्या आवाजाची चौकशी करायला दाराशी येते, त्या प्रसंगातल्या भीतीचे वजनही मग बदलते. दोन्ही दिग्दर्शकांचे पासपोर्ट जप्त झाल्यामुळे ते बर्लिनला जाऊ शकले नाहीत. तरीही या धैर्यापोटी चित्रपटाला गुण वाढवून देणे मला मान्य नाही. शेवटचे वळण मला घाईचे वाटले आणि मी तसे लिहिले. संदर्भ कळला म्हणून दोष झाकायचे, हा त्या कलावंतांचाही अपमान आहे.

माहितीपटांची गोष्ट थोडी निराळी असते. वेस्ट बँकमधल्या मसाफेर यत्ता या भागावरचा ‘नो अदर लँड’ दोन पॅलेस्टिनी आणि दोन इस्रायली दिग्दर्शकांनी मिळून केला आहे, तो बाहेरच्या जगापर्यंत पोहोचावा म्हणूनच. त्यामुळे तो पुष्कळ गोष्टी स्वतःच सांगतो. तिथे मी पार्श्वभूमी कमी लिहिते आणि कॅमेरा कोणाच्या हातात आहे याकडे अधिक पाहते. त्यांच्यातला इस्रायली युवाल ये-जा करू शकतो, पॅलेस्टिनी बासेल करू शकत नाही, ही विषमता त्यांच्या मैत्रीतही दिसत राहते, आणि चित्रपट ती लपवत नाही.

उरते ती आपली बाजू, आणि मराठीत लिहिण्याचे मुख्य कारण मला तिथेच सापडते. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांचा ‘परफेक्ट डेज’ टोकियोच्या शिबुया भागात स्वच्छतागृहे साफ करणाऱ्या हिरायामाचा आहे. या भूमिकेसाठी कोजी याकुशो यांना 2023 साली कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ती 17 स्वच्छतागृहे नामवंत वास्तुरचनाकारांनी एका प्रकल्पासाठी उभारली आहेत आणि चित्रपटाची मूळ कल्पनाही त्याच प्रकल्पाच्या प्रसिद्धीतून आली, त्यामुळे पडद्यावर घाण जवळजवळ दिसत नाही. युरोपातला समीक्षक इथे साधेपणाचे सौंदर्य पाहील, आणि ते आहेच. मुंबईत मात्र सफाईचे काम जातीने आणि वारशाने येते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, आणि अनेक कुटुंबांमध्ये नोकरीसोबत मिळालेले डोक्यावरचे छप्पर टिकावे म्हणून शिकलेला मुलगाही झाडू हातात घेतो. हिरायामाची बहीण चालक असलेल्या मोटारीतून येते तेव्हा कळते की तो सधन घरातला आहे आणि हे काम त्याने पत्करले आहे. का पत्करले, हे चित्रपट सांगत नाही. टोकियोतल्या प्रेक्षकाला हा संयम वाटू शकतो. मला ती चित्रपटातली सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण निवड करण्याची मुभा असलेल्या माणसाची शांतता आणि ती मुभा नसलेल्याचे गप्प राहणे या दोन गोष्टी त्यामुळे एकसारख्या दिसू लागतात.