गरीला लागलेला बेडूक

कुडाळजवळ माझा जनावरांचा दवाखाना आहे. अडलेली गाय, पोट फुगलेला बैल, कुत्र्यांची इंजेक्शनं, अशी रोजची कामं. आषाढातल्या एका दुपारी सातवीतला एक मुलगा बादली घेऊन आला. आत तळहाताएवढा पिवळाधमक बुलफ्रॉग, तोंडातून नायलॉनचा दोरा लोंबलेला. पोरं वहाळावर गरवत होती. गांडूळ लावलेली गरी काठावरून सरकताना त्याने ती गिळायला घेतली. हलणारं काही दिसलं की बेडूक झेपावतोच.

"काका, मरतलो काय तो?" मुलाचे डोळे भरून आले होते.

हात ओले करूनच मी त्याला उचललं, कारण बेडकाची कातडीही श्वास घेते. कंपाउंडरने जबडा उघडून धरला. गळ खालच्या जबड्यात अगदी पुढे रुतला होता, आणि नेमकं तिथेच बेडकाच्या जिभेचं मूळ असतं. आपली जीभ मागे घशाशी जोडलेली, त्याची पुढे जबड्याच्या कडेशी. दुभंगलेलं टोक आत घशाकडे वळलेलं असतं आणि भक्ष्यावर ती उलटून बाहेर पडते. मूळ फाटलं असतं तर तो उपाशी मेला असता. म्हणून मी सावकाश काम करत होतो.

काही मिनिटांत पाय ढिले पडले. गळ्याखालची थरथर थांबली होती. माझ्या पोटात खड्डा पडला, आणि मग कॉलेजातला धडा आठवला. बेडकाला बरगड्या नाहीत, छाती-पोटामधला पडदाही नाही. छाती फुगवून हवा ओढणं त्याला शक्यच नसतं. तो तोंडाचा तळ खाली नेतो, नाकपुड्यांतून हवा तोंडात घेतो, नाकपुड्या मिटतो आणि तळ वर उचलून ती हवा फुप्फुसांत ढकलतो. अगदी लोहाराच्या भात्यासारखं. तोंड उघडं राहिलं तर ढकललेली हवा फुप्फुसांत जाणार कशी? त्याला वाचवायला म्हणून आम्ही त्याचा श्वासच बंद केला होता.

"सोड, जबडा सोड!" मी ओरडलो.

तोंड मिटून त्याला ओल्या फडक्यावर ठेवलं. कातडीतून मिळेल तेवढ्या प्राणवायूवर सगळी भिस्त. मुलगा वाकून गळ्याकडे बघत होता. बराच वेळ काहीच नाही. मग गळ्याखाली बारीकशी हालचाल झाली, थांबली, पुन्हा झाली. मुलाने माझा हात घट्ट धरला.

पुढचं काम तुकड्यातुकड्याने केलं. क्षणभर तोंड उघडायचं, मिटायचं, थरथर नीट सुरू झाली की पुन्हा उघडायचं. गळाचं टोक पुढे काढून उलटा काटा पकडीने तोडला आणि उरलेली तार मागे ओढून घेतली. जीभ शाबूत राहिली.

तिसऱ्या दिवशी मुलगा नाकतोडा घेऊन आला. नाकतोडा स्थिर होता तोवर बेडकाने ढुंकून पाहिलं नाही. तो हलला मात्र, आणि दिसेनासा झाला. जीभ कधी बाहेर आली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. गिळताना बेडकाचे टपोरे डोळे खोल आत गेले.

"डोळे दुखतत काय त्याचे?"

मी सांगितलं, नाही रे. त्याचे दात फक्त धरून ठेवण्यापुरते, चावता येत नाही. डोळे तोंडाच्या पोकळीत खाली दाबले जातात आणि घास घशाकडे सरकवायला मदत करतात.

मुलाने काही न बोलता खिशातून दुसरा नाकतोडा काढला.