दिव्याचे तास

"पडद्यावर अंधार पडलाय, एकदा येऊन जा," एवढंच बोलून मामांनी फोन ठेवला. ऑगस्ट २०२२ मधला मंगळवार, सकाळपासून झड लागलेली. मी थिएटरांच्या डिजिटल प्रोजेक्टरची दुरुस्ती करतो. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि खाली बारामती-इंदापूरपर्यंत माझा फेरा असतो. हे थिएटर पेठेतलं, एकपडदा. त्याचं नाव लिहीत नाही. मामा म्हणजे तिथले ऑपरेटर, १९८६ पासून त्याच केबिनमध्ये.

पेठेत गाडी लावायला जागा नसते, म्हणून मी मंडईजवळच्या आर्यन वाहनतळावर लावतो. आर्यन हे पुण्यातलं पहिलं सिनेमा थिएटर होतं, १९१५ सालचं. शेजारच्या वाहनतळाचं मिनर्व्हा हे नावही थिएटरचंच. तिथे रोज गाडी लावणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल, असं दर वेळी पावती घेताना मनात येतं.

पोचलो तेव्हा बाराचा खेळ सुरू झाला होता. बुकिंगवर विचारलं तर अकरा तिकिटं गेली होती. मी केबिनमध्ये न जाता आधी बाल्कनीत जाऊन बसलो. मशीन काय म्हणतंय ते नंतर, आधी प्रेक्षकाला काय दिसतंय ते बघायचं, ही माझी जुनी सवय. रात्रीचा प्रसंग चालू होता. दोन माणसं बोलतायत हे आवाजावरून कळत होतं, चेहरे दिसत नव्हते. पुढे दिवसाचा प्रसंग आला तर त्यातला पांढरा शर्टही मळकट दिसला. माझ्या दोन रांगा पुढे कॉलेजातला एक मुलगा बसला होता, मांडीवर मोबाइल. त्या मोबाइलचा उजेड समोरच्या एवढ्या मोठ्या पडद्यापेक्षा जास्त होता.

मला रागच आला, पण त्या मुलाचा नाही. तो पावसात तिकीट काढून आला होता.

वर गेलो आणि मशीनचा काउंटर बघितला. प्रोजेक्टरमध्ये झेनॉनचा दिवा असतो, काचेच्या फुग्यात दाबाने भरलेला वायू. त्याचे तास मशीन मोजत राहतं. या दिव्याला कंपनीने पंधराशे तास दिले होते, तो एकोणतीसशेच्या पुढे गेला होता. तास संपले की दिवा लगेच विझत नाही. तो थोडाथोडा मंद होत जातो, आणि रोज बघणाऱ्याला ते कळत नाही. शिवाय म्हातारा दिवा फुटायची भीती असते. फुटला तर आतला आरसा आणि काचा, सगळ्याची वाट लागते. मी मामांवर चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "मालकांना तीनदा सांगितलं. पुढच्या आठवड्यात बघू म्हणतात. त्यांचंही चुकत नाही हो, अकरा माणसांत काय काय भागवायचं?"

ते खरंच होतं. तिकिटाच्या पैशातून जीएसटी जातो, वितरकाचा हिस्सा जातो, मग लाइटबिल, पगार, घरपट्टी. दिवा पाच आकडी किमतीचा. मालक चैनीत नव्हते. मार्च २०२० ला थिएटरं बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद पडली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून परत सुरू झाली. दरम्यान जून २०२० मध्ये अमिताभ बच्चन यांचा चित्रपट थेट ओटीटीवर आला आणि लोकांच्या लक्षात आलं की घरबसल्या पहिल्याच दिवशी बघता येतं. आता मोठ्या चित्रपटालासुद्धा लोक म्हणतात, आठ आठवडे थांबू, घरीच येईल.

मोबाइलने थिएटरं मारली असं सगळे म्हणतात. मी तीसेक केबिनच्या आत वावरतो, मला तेवढंच कारण पटत नाही. लोक कमी झाले म्हणून दिवा बदलला नाही, दिवा बदलला नाही म्हणून चित्र काळवंडलं, आणि जो हट्टाने आला त्यालाही आपण घरच्या टीव्हीपेक्षा वाईट चित्र दाखवलं. तो पुन्हा का येईल? लेझरवाल्या मल्टिप्लेक्सला दिव्याची चिंता नाही, पण तिथलं तिकीट सगळ्यांना परवडत नाही. ज्याला शंभर रुपयांत मोठा पडदा हवा, त्याच्या वाट्याला हा अंधार.

इंटरव्हल झाला. मी पडदाभर पांढरं चित्र लावून उजेड मोजायचा मीटर धरला. पडद्यावर चौदा फूट-लॅम्बर्ट (हे पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड हवा, भरला पाचच्याही आत. मामांनी सवयीने दिवा बंद केला. वीज वाचते म्हणून इंटरव्हलला ते नेहमीच करायचे. दहा मिनिटांनी सुरू करायला गेले तर नुसती टकटक. पुन्हा टकटक. दिवा पेटेना.

माझ्या गाडीत एक नवीन दिवा होता, दुसऱ्या थिएटरने मागवलेला. मालकांना फोन लावला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हप्त्याने चालेल का?" मी माझ्या शब्दावर हो म्हटलं आणि भिजत आर्यनपर्यंत जाऊन दिवा घेऊन आलो. मामांनी खाली जाऊन सांगितलं की पाऊण तास लागेल, ज्यांना जायचंय त्यांनी पैसे परत घ्यावेत. दोघं गेले, नऊजण थांबले. डोअरकीपरने सगळ्यांना चहा दिला.

जुना दिवा गार होईपर्यंत हात लावायचा नसतो. तोंडावर काचेचा मुखवटा, हातात जाड मोजे. नवीन दिव्याच्या फुग्याला उघडं बोट लागलं तर बोटाचा तेलकटपणा तापून काच तिथेच कमजोर होते. मी दिवा बसवत असताना मामा बॅटरी धरून उभे होते आणि कार्बनच्या कांड्या जाळून पडद्यावर उजेड पाडायच्या दिवसांबद्दल बोलत होते. "दोन मशीन असायच्या. वीसेक मिनिटांची रीळ. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका आला की दुसरी मशीन सोडायची. आणि कार्बनच्या कांड्या जळत जायच्या तशा पुढे सरकवायच्या. ज्योतीवरची नजर काढायची नाही. पिक्चर काळा पडला तर खालून शिट्ट्या यायच्या, ऑपरेटरच्या नावाने." थोडं थांबून म्हणाले, "आता कोणी शिट्टीसुद्धा मारत नाही. उठून जातात."

दिवा पेटला. आरशासमोर तो मागेपुढे, वरखाली सरकवत नेमका मध्यात आणला. साडेअकरा भरलं. मामांनी केबिनची काच स्पिरिटने पुसली, फडकं काळं झालं. पुन्हा मोजलं, तेरा.

उत्तरार्ध सुरू केला. गाण्याचा प्रसंग होता, भाताची खाचरं आणि त्यावर पडलेलं ऊन. छोट्या खिडकीतून आम्ही दोघं बघत होतो. सगळा हॉल उजळला होता, पुढच्या खुर्च्यांच्या पाठी दिसत होत्या, नऊ डोकी मोजता येत होती. मामा काही बोलले नाहीत. खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून शेवटपर्यंत उभे राहिले.

खेळ सुटल्यावर पन्नाशीच्या एक बाई जिन्यापाशी थांबल्या. मामांना म्हणाल्या, "अहो, हे आधीपासूनच असं का नाही लावलं?" मामांना उत्तर सुचलं नाही. मलाही नाही.

मालकांनी चारही हप्ते वेळेवर दिले. तरी मार्च २०२३ मध्ये मला पुन्हा बोलावणं आलं, या वेळी मशीन उतरवायला. काउंटर बघितला, त्या दिव्याचे ६१८ तास झाले होते. रोजचे तीन खेळ धरले तर सात महिन्यांत पंधराशेच्या वर जायला हवे होते. बाकीचे खेळ प्रेक्षकच नसल्याने झाले नव्हते.

मी दिवा त्याच्या जाड वेष्टनात बांधला. मामांनी विचारलं, "दुसरीकडे चालेल ना हा?"

चालला. मालकांनी तो इंदापूरकडच्या एका थिएटरला दिला. तिथे जत्रेच्या दिवसांत अजून तिन्ही खेळ होतात. मामांना मी तिथले तास अधूनमधून फोनवर कळवत असतो. चौदाशे झाले तेव्हा ते म्हणाले, "त्यांना आत्ताच सांग, नवीन मागवून ठेवा म्हणावं." मी सांगून आलो. त्यांनी मागवलाय.