पावशेर काळजाचा हिशेब

‘मॅडम, तुम्ही आहारतज्ज्ञ. वजन उतरवायचं बघा, हे हवामान बदलाचं कुठून काढलंत?’ लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत मेथी निवडतानासुद्धा हे ऐकून झालंय. एकदाच सांगते.

माणसामुळे हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंपैकी साधारण एक तृतीयांश वायू अन्नामुळे जातात. त्यात शेत आलं, गोठा आला, वाहतूक आली आणि उष्टं टाकलेलंही आलं. लोकांनी काय खावं हे सांगायचे मी पैसे घेते. मग माझा संबंध नाही कसा?

हे मी पूर्वी फार जोरात म्हणायचे. २०१९ साली ईट-लॅन्सेट या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचा आहारावरचा अहवाल वाचला आणि अंगात आलं. माणसाची आणि पृथ्वीची तब्येत एकाच ताटात सांभाळायची, अशी त्याची मांडणी. मी लगेच सगळ्यांच्या तक्त्यात छापून टाकलं : मटण बंद.

त्याच सुमारास एक विडी कामगार बाई आल्या. हिमोग्लोबिन ८.२, म्हणजे फारच कमी. बोटांना तंबाखूचा वास, मांडीवर रिपोर्टची पिशवी. त्यांनाही तोच छापील तक्ता दिला. दोन महिन्यांनी आल्या तेव्हा आकडा ७.४ झाला होता. मी चिडलेच. गोळ्या घेतल्या नाहीत ना, म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘घेतले की ओ. काळीज तेवढं सोडलं. तुमीच बंद करा म्हणलाव की.’

दर रविवारी पावशेर काळीज आणायच्या. खाणारी पाच माणसं. ते वाचलेले पैसे पोराच्या क्लासला गेले होते. हे सांगताना त्या खूश होत्या, म्हणजे मला खूश करायला बघत होत्या.

त्या गेल्यावर कागदाच्या मागे हिशेब मांडला. पावशेर, म्हणजे अडीचशे ग्रॅम, भागिले पाच, म्हणजे माणशी आठवड्याला ५० ग्रॅम. ज्या अहवालाच्या जोरावर मी मटण बंद केलं, तो दिवसाला १४ ग्रॅम लाल मांस चालेल म्हणतो, म्हणजे आठवड्याला ९८. या बाई पृथ्वीच्या हिशेबात आधीच निम्म्यावर होत्या. अहवाल मी वाचला होता, भागाकार केला नव्हता.

काळजाऐवजी ज्वारी-बाजरीतलं लोह चालेल, असंही मी तेव्हा ठोकून दिलं होतं. लोह असतं, पण धान्यातल्याच फायटेट नावाच्या घटकामुळे अंगाला कमी लागतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत.

मग सोडलं का हे सगळं? नाही. कुणाला सांगायचं, ते बदललं. रोज बिर्याणी मागवणाऱ्याला सांगते, विडीवालीला नाही. एकेकीच्या ताटात बोट घालण्यापेक्षा शेकडो ताटांचा मेनू ठरतो तिथे बसावं, म्हणून एका वसतिगृहाच्या मेसमध्ये ज्वारीची भाकरी आणायला गेले. मंगळवेढ्याची ज्वारी काळ्या रानात थंडीत, जमिनीतल्या ओलीवर येते, तिला उसासारखं पाणी लागत नाही, वगैरे बोलले. आचारी म्हणाला, पोळ्या मशीनवर होतात. दोनशे पोरांच्या भाकऱ्या थापणार कोण? शिवाय ज्वारी गव्हापेक्षा महाग. दोन्ही बरोबर.

आणि उसाबद्दल मी कुठल्या तोंडाने बोलू? माझी कॉलेजची फी उसाच्या बिलातूनच भरली गेली. वडील अजून विचारतात, ऊस मोडून ज्वारी पेरली तर तुझ्या पोरीची फी भाकरीतून भरणार का? उजनी धरणाचं पाणी त्यांच्या उसाला जातं आणि इथे नळाला दिवसाआड तरी येईल का म्हणून मी बादल्या भरून ठेवते. या वादात आम्ही दोघंही दर दिवाळीला हरतो.

बाईंच्या तक्त्यावर मी पेनाने ‘काळीज, दर रविवारी’ लिहून दिलं. पुढे त्या आल्या नाहीत.

मेसमध्ये सध्या गुरुवारी भाकरी असते, थापायला दोन बायका येतात. गेल्या खेपेला निम्म्या भाकऱ्या ताटात तशाच परत आल्या. काल आचाऱ्याचा फोन होता : या गुरुवारी पीठ किती काढू?