नौकरी मिलती है, काका

दुपारपासून एक वाक्य डोक्यातून जात नाही. रात्रीचे अकरा वाजून गेलेत. कूलरचा वाळा सुकला म्हणून पाणी मारून आलो, आई दोनदा उठून बघून गेली. झोप येत नाही तर लिहून तरी काढावं.

काशी एक्स्प्रेस आज उशिरा आली. भुसावळात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यात गाडी रखडली की डब्यांचे पत्रे तापलेले असतात आणि आतल्या माणसांच्या बाटल्या मनमाडनंतर केव्हाच संपलेल्या असतात. पुढचा जनरल डबा दारापर्यंत भरलेला. खिडकीच्या गजांमधून नुसते हात आणि हातांत रिकाम्या बाटल्या. मी पाण्याच्या जगाने ओतत होतो, आमच्या पथकातली सगळ्यात धाकटी मुलगी मागे जार घेऊन उभी. आम्ही स्काउट-गाइडची पोरं उन्हाळ्यात गाड्यांतल्या लोकांना पाणी पाजतो ती जलसेवा, आणि तिची ही पहिलीच. एका खिडकीत एक आजोबा होते. त्यांची बाटली भरत असताना त्यांनी विचारलं, "बेटा, इसका तुम लोगों को क्या मिलता है?"

हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच. मी नेहमी "आशीर्वाद" म्हणतो आणि पुढच्या खिडकीकडे जातो. आज माझ्याआधी धाकटी बोलली. "नौकरी मिलती है, काका. रेलवे में."

अगदी सहज बोलली. भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज.

आजोबांनी मान हलवली. "अच्छा है. बहुत अच्छा है. भगवान करे, तुम दोनों की लग जाए." मग घटाघटा अर्धी बाटली प्यायले, उरलेली आत कुणाला तरी दिली आणि दुसरी बाटली गजांतून पुढे केली. ती भरेपर्यंत सिग्नल पडला.

झालं एवढंच. यात मला काय टोचलं?

धाकटी खोटं बोलली नाही. रेल्वेत स्काउट-गाइड कोटा आहे, म्हणजे आमच्यासारख्यांसाठी राखीव जागा. स्काउटिंगचा राष्ट्रपती पुरस्कार लागतो, पाच वर्षं सक्रिय असावं लागतं, राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरचे मेळावे केलेले असावे लागतात, मग लेखी परीक्षा, मग प्रमाणपत्रांचे गुण. जागा किती, तर रेल्वेच्या सबंध विभागात बोटांवर मोजण्याइतक्या. हे सगळं क्रूमधल्या, म्हणजे आमच्या पथकातल्या, प्रत्येकाला तोंडपाठ आहे. कॉलनीतली अर्धी मुलं याच आशेने स्कार्फ बांधतात आणि त्यांच्या आईवडिलांनाही ते ठाऊक असतं. माझ्या बाबांनाही ठाऊक होतं. रेल्वेच्या शेडमधून घरी आल्यावर हात धुता धुता त्यांनीच मला पहिल्यांदा सांगितलं होतं की स्काउटमध्ये जा, पुढे उपयोग होईल.

उपयोग झाला नाही. यादी लागली तेव्हा माझं नाव नव्हतं. ज्याचं होतं तो माझा मित्र आहे आणि चांगला रोव्हर, म्हणजे मोठ्या वयाचा स्काउट, आहे. त्याविषयी आज नको.

पण खरं लिहायचं तर आज फलाटावर मला पहिल्यांदा वाटलं की मी उभा आहे तो कशासाठी? कोट्याची दारं माझ्यासाठी जवळजवळ बंद झाली. ऑगस्टमध्ये पंचवीस पूर्ण होतील, मग रोव्हर म्हणूनही संपलो. कपाटात प्लास्टिकच्या फायलीत प्रवीण, निपुण, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती, अशी पायरीपायरीची सगळी प्रमाणपत्रं ओळीने लावलेली आहेत. बरोबरीची मुलं पुण्यात कंपन्यांत लागली, एक नाशिकला स्वतःचं वर्कशॉप चालवतो. मी मात्र दर मे महिन्यात इथेच, हातात जग, मानेवर ओला स्कार्फ. आई परवा म्हणालीच, "कशाले जातो रे भाऊ एवढ्या उन्हात? आता काय भेटनार हाये तुले?" तिला बिचारीला माझी काळजी. पण तिचा प्रश्न आणि आजोबांचा प्रश्न एकच आहे, आणि दोघांनाही द्यायला माझ्याजवळ एक सरळ उत्तर नाही. याचंच फार वाईट वाटलं आज. इतकी वर्षं एखादी गोष्ट करावी आणि ती का केली हे धड सांगता येऊ नये.

दीक्षेच्या आदल्या रात्रीचं आठवतं. रोव्हर होण्याआधी एकट्याने बसून स्वतःला प्रश्न विचारायचे असतात, आत्मपरीक्षण. शाळेच्या मागच्या खोलीत, एका मेणबत्तीपुढे सरांनी मला बसवलं होतं. मी सेवा दुसऱ्यांसाठी करणार की स्वतःसाठी, हाही एक प्रश्न होता. तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांचा, आत खडखडीत उत्तर तयार. डास चावत होते तेवढंच लक्षात आहे. त्या रात्री न पडलेला प्रश्न आज फलाट तीनवर पडला.

मग संध्याकाळभर मी पुरावे शोधत बसलो. असं काय केलंय की ज्याचा कागद मिळाला नाही? 2020 मध्ये घरोघरी मास्क शिवले, आईच्या मशीनवर, आणि श्रमिक गाड्या इथून जात होत्या तेव्हा आम्हाला स्टेशनात पाऊल टाकू देत नव्हते म्हणून किती चिडलो होतो. त्याचं प्रमाणपत्र नाही. पण मास्कच्या गठ्ठ्यासोबत फोटो काढला होता आणि तो अहवालात गेला, हेही आठवलं. अनंत चतुर्दशीला तापीवर निर्माल्य गोळा करतो, गुडघाभर पाण्यात. तेही नोंदवहीत आहे. रक्तदान, वृक्षारोपण, यात्रेतली हरवलेली मुलं शोधणं, ज्याला त्याला तारीख आणि सही आहे. एकूण एक गोष्टीवर कागद चिकटलेला. शेवटी शोधणं सोडून दिलं.

आणि मग एक वेगळीच गोष्ट सुचली. सेवा बाजूला ठेवली तर उरलेल्या वेळात आम्ही काय केलं? पालच्या डोंगरात हाइकला गेलो, यावलच्या जंगलात वाट चुकलो आणि होकायंत्र असणाऱ्याच्या नावाने सगळ्यांनी शंख केला. शेकोटीभोवती नाटुकली केली, ती इतकी वाईट की अजून एकेक संवाद पाठ आहे. कच्चं-पक्कं वांग्याचं भरीत काड्यांच्या जाळावर भाजून खाल्लं. मित्राची बहीण आजारी पडली तेव्हा रात्रपाळ्या लावून दवाखान्यात बसलो, क्रू कौन्सिलमध्ये ठराव न करता. दुसऱ्या विभागातल्या मुलांशी स्काउटच्या रीतीने डावा हात मिळवला आणि त्यातले काही आज माझे सख्खे झाले आहेत. या सगळ्यात मला केवढं मिळालं! नोकरीपेक्षा कमी नाही. मग आजोबांना "काही मिळत नाही" असं म्हणालो असतो तर ते खोटंच झालं असतं. आणि माझं ठरलेलं "आशीर्वाद" हेही अर्धंच खरं आहे.

म्हणजे धाकटीने निदान तिचं खरं सांगितलं.

राष्ट्रपती पुरस्काराच्या वेळी इतिहास वाचावा लागला होता. तेव्हा तो तोंडी परीक्षेपुरता वाचला, आज त्यातलं एक निराळ्या अर्थाने समोर आलं. भारतात स्काउटिंग फक्त त्याचा संस्थापक बेडन-पॉवेल याच्या माणसांनी नाही रुजवलं. 1913 मध्ये शहाजहानपूरला श्रीराम वाजपेयींनी मुलांचं पथक उभं केलं. पुढे मदन मोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्याबरोबर सेवा समितीची स्काउट संघटना झाली, आणि मेळ्यांच्या गर्दीत यात्रेकरूंना मदत करणं हा त्यांचा पिंड होता. 7 नोव्हेंबर 1950 ला मुख्य स्काउट संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स झाली, तेव्हा पहिले राष्ट्रीय आयुक्त कुंझरूच होते. हेच कुंझरू गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य. पुण्यात 1905 मध्ये गोखल्यांनी तो समाज काढला तेव्हा सदस्यांना शपथ होती की स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही, आणि समाज माझ्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी जे देईल त्यात समाधान मानीन.

या शपथेचा दुसरा भाग मी आजवर कधी नीट वाचलाच नव्हता असं वाटलं. समाज काहीतरी देणार आहे हे त्यात गृहीत आहे. भाकरीचा विचार आधी झालेला आहे. आयुष्यभर देशाचं काम करायला निघालेल्या माणसांच्या घरी चूल पेटली पाहिजे, हे गोखल्यांना कळत होतं आणि त्यात त्यांना काही हलकं वाटलं नाही. मग शेडमधल्या खलाशाच्या, म्हणजे मदतनीस कामगाराच्या, मुलाने स्कार्फ बांधताना नोकरीचा विचार केला तर त्याची सेवा उणी कशी होईल? हे मी स्वतःची समजूत काढायला लिहीत नाहीये. मला हे आता मनापासून पटलंय. निरपेक्ष हा शब्द फार सहज आपण दुसऱ्याच्या मुलांना ऐकवतो. ज्यांच्या घरी उद्याची सोय आहे त्यांना तो परवडतो, आणि भाषणं बहुतेक वेळा तेच करतात.

मला वाटतं आजोबांना हे ठाऊक होतं. तेही कुठल्या तरी कामावरूनच परत निघाले असणार, मुंबईत, भिवंडीत, कुठेतरी. सोबतच्या पोरांच्या पाठीवर तशाच सॅका होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर एक क्षणही असं आलं नाही की अरेरे, ही मुलं नोकरीसाठी पाणी पाजतात. उलट त्यांना बरं वाटलं. पोटापाण्याचं ऐकून त्यांना आम्ही आपल्यातले वाटलो असू. "तुम दोनों की" म्हणाले. दोघांचीही.

तिथे मला जरा रडू आलं होतं हे लिहून ठेवतो. घामात कुणाला कळलं नाही.

आता बरं वाटतंय. कोटा नाही मिळाला तर नाही मिळाला. आयटीआय आहे, अप्रेंटिसच्या जागा निघतील, बाबांचे ओळखीचे एक कंत्राटदार आहेत. पंचविसाव्या वर्षी रोव्हर संपतो, पण लीडरचा बेसिक कोर्स करता येतो, आणि सर दोन वर्षं झाली मागे लागलेत. त्यांना निवृत्तीचे वेध लागलेत. ते गेल्यावर या पोरांकडे कोण बघणार हाही विचार आहेच. त्यावर पुन्हा कधीतरी.

एक गोष्ट मात्र परवाच्या कौन्सिलमध्ये मांडणार आहे. आपलं जलसेवेचं टेबल फलाटाच्या मध्यभागी, छपराखाली लागतं. बॅनर तिथे, उद्घाटन तिथे, थंड पाण्याचे जार तिथे. समोर येऊन थांबतात ते एसीचे डबे, ज्यांच्या खिडक्या उघडतच नाहीत. जनरल डबे गाडीच्या टोकांना असतात आणि आपल्याकडे त्या जागी छप्पर संपलेलं असतं. आपण जार घेऊन तिथवर पळतो, दोन फेऱ्यांत गाडी सुटते, आणि शेवटच्या खिडक्या तशाच राहतात. आजही राहिल्या. एका बाईची बाटली माझ्या हातात येऊन रिकामीच परत गेली. गाडी हलली होती.

टेबल टोकाला हलवायला हवं. सर म्हणतील ऊन लागेल, मुली आहेत, पोरं लहान आहेत. बरोबर आहे त्यांचं. पण पार्सल ऑफिसजवळ एक जुना हातगाडा पडून आहे, त्यावर दोन ड्रम मावतील, वर ओलं गोणपाट टाकलं की पाणीही थंड राहील. खाली नळ बसवला की जगाने उपसायचं कामच नाही, एका वेळी दोन-तीन बाटल्या भरता येतील. आम्ही पाळीपाळीने पंधरा-पंधरा मिनिटं उन्हात राहू, बाकीचे छपराखाली. ओआरएसची पाकिटं गाड्यावरच ठेवायची, आमच्यासाठी आणि डब्यातल्यांसाठीही. स्टेशन मॅनेजरांची परवानगी लागेल, त्यासाठी अर्ज मी उद्याच लिहून ठेवतो.

धाकटीला संध्याकाळी फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "दादा, गाडा मी ढकलीन, पण नळ तू बसव, मला प्लंबिंग येत नाही." म्हटलं, शिकवतो. निपुणच्या चाचणीलाही चालेल ते तिला.