तुम्ही विचारलंत म्हणून: ताडोबा उशाशी असताना केनिया कशाला?

बाजारात, पंगतीत, एसटीच्या थांब्यावर आम्हा दोघांना हा प्रश्न ठरलेला असतो. "वाघ धुऱ्यावर येऊन बसतो आपल्याकडे, मग एवढा पैसा घालून आफ्रिकेत काय पाहायचं?" आणि पाठोपाठ, जरा हळू आवाजात दुसरा: "खेड्यातल्या नवरा-बायकोला दोघांनाच जमते का हो ते?" पहिल्याचं उत्तर असं, की ज्यानं ताडोबा नीट पाहिला त्यानंच तिकडे जावं. त्याला तिथे जास्त दिसतं. दुसऱ्याचं उत्तर: जमतं, फक्त कागद वेळेत हवेत.

आपलं जंगल कानांनी पाहायचं असतं. साग-बांबूत वाघ दिसण्याआधी चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, येतो, वानर झाडावरून खाकरतं, सांबर ठणकावतं. जिप्सी बंद करून आवाजाच्या दिशेनं थांबलं की निम्मं काम होतं. केनियातल्या मसाई मारा या जंगलात ही सवय अपुरी पडते. तिथे क्षितिजापर्यंत गवत आणि मध्ये एखाददुसरं झाड, म्हणून काम डोळ्यांचं असतं. वारुळावर चढून उभं राहिलेलं टोपी नावाचं तांबूस हरीण बघा. ते खायचं सोडून एकाच दिशेला टक लावून असेल तर त्या रेषेत दुर्बीण फिरवा. जिराफाचंही तसंच, त्याला उंचावरून सिंह आधी दिसतो. गिधाडं उंच घिरट्या घालत असतील तर ती अजून शोधात आहेत. एकामागून एक पंख आवळून सरळ खाली उतरू लागली, तर तिथे मेलेलं जनावर आहे. तरस मान वर करून सरळ रेषेत पळत निघाला तर त्याच्या मागे जावं. भर दुपारी एकट्या झाडाची सावली तपासायची, चित्ता तिथे पडलेला असतो. बिबट ओढ्याकाठच्या मोठ्या झाडात शोधायचा. आधी दिसते ती लोंबणारी शेपटी.

ओळखीच्या जनावरांचे भाऊबंद भेटतात, त्याची मजा ताडोबावाल्यालाच कळते. आपला तरस पट्टेरी आणि एकटा-दुकटा फिरणारा. तिथला ठिपक्यांचा, कळपानं राहणारा आणि स्वतः शिकार करणारा. आपल्या रोह्याच्या जागी तिथे इलंड हे मोठं हरीण, गव्याच्या जागी केप म्हैस. बिबट मात्र दोन्हीकडे तोच. आपल्याकडे मृगाच्या पावसासोबत येणारा चातक हिवाळ्यात आफ्रिकेत असतो, तेव्हा फेब्रुवारीत गेलात तर झुडपांच्या शेंड्यांवर लक्ष ठेवा.

कधी जायचं हे शेतकऱ्याला दोन हिशेब जुळवून ठरवावं लागतं. टांझानियातल्या सेरेंगेटीतून दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट (हरणाच्या कुळातली मोठी जनावरं) आणि सोबत झेब्रे गवताच्या मागे चालत येतात. मारात त्यांचा मुक्काम साधारण जुलैअखेर ते ऑक्टोबर. म्हणजे आपल्याकडे १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोब्याचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद असतो जवळपास तोच काळ. पेरणी-डवरणीच्या धामधुमीत घर सोडता येत नाही, पण पोळा झाला की सोयाबीन सोंगणीपर्यंत काही आठवडे मिळतात. पऱ्हाटीची फवारणी कोणावर तरी सोपवली की झालं. भाताच्या पट्ट्यातल्यांनाही रोवणी उरकल्यावर हेच दिवस बरे. दुसरी वेळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. तेव्हा मोठे कळप दक्षिण सेरेंगेटीत विणीला गेलेले असतात, त्यामुळे कळपांचं मारा नदी ओलांडणं दिसणार नाही. पण सिंह, चित्ते, हत्ती मारातच राहतात आणि गाड्यांची गर्दी कमी असते.

पैशाचा फरकही मोठा आहे. २०२४ पासून मसाई मारा राखीव क्षेत्राचं परदेशी प्रौढाचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर झालं. ते सकाळी ६ ते संध्याकाळी ६ अशा बारा तासांचंच. दोघांचे तीन दिवस धरले तर एका हंगामात ६०० डॉलर, दुसऱ्यात १,२०० डॉलर फक्त फाटकावर जातात. म्हणून टूरवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा: सांगितलेल्या रकमेत पार्कचं शुल्क धरलंय का, आणि किती दिवसांचं? स्वस्त वाटणाऱ्या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा इथेच खाच असते. बाहेर पडण्याच्या दिवशी सकाळी सफारी करून दुपारी निघायचं असेल तर त्या दिवसाचंही शुल्क लागू शकतं. हे आधी लिहून घ्या.

नदी ओलांडणं पाहायला जाणाऱ्यांनी मन तयार ठेवावं. मारा नदीच्या काठावर हजारो जनावरं जमतात, पुढची दोन-चार पाण्याजवळ येतात, मगर दिसते किंवा वाळूवर सावली हलते आणि अख्खा कळप मागे फिरतो. तीन-चार तास बसून काहीच न होणं अगदी नेहमीचं. बिघडतं ते बहुधा माणसांमुळे: गाड्या काठाला भिडवल्या की उतरायची वाट अडते आणि कळप थबकतो. पहिली जनावरं पाण्यात उतरेपर्यंत गाडी मागेच ठेवायची, हे ड्रायव्हरला तुम्हीच निक्षून सांगा. तो पाहुण्यांच्या घाईपोटी पुढे जातो. एका जनावराभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नाहीत, २५ मीटर अंतर आणि रांग असेल तर दहा मिनिटांत जागा सोडायची, असे तिथले नियम आहेत. चित्त्याच्या बाबतीत ते पाळणं फार गरजेचं. तो दिवसा शिकार करतो आणि गाड्यांनी वेढला की त्याची ती वेळ वाया जाते.

आमचं ठाम मत एका बाबतीत आहे. आठवड्याभरात अंबोसेली, नाकुरू, नैवाशा, मारा असं सगळं कोंबू नका. नकाशावर ती ठिकाणं जवळ दिसतात, पण नैरोबीहून मारा रस्त्यानं पाच-सहा तास आहे आणि प्रत्येक बदलात एक सकाळ जाते. सकाळ गेली म्हणजे जंगल गेलं, हे आपल्याला सांगायला नको. मारात चार रात्री, जाताना किंवा येताना नैवाशाच्या तळ्यावर एक (नावेतून पाणघोडे आणि मत्स्यगरूड जवळून दिसतात), आणि नैरोबीत एक दिवस. एवढं पुरे. नैरोबीच्या कडेलाच ११७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९४६ साली झालेलं, केनियातलं पहिलं. मागे शहराच्या इमारती आणि पुढे गेंडा असं दृश्य तिथे मिळतं. किलिमांजारोच्या पायथ्याचे हत्ती पाहायचेच असतील तर अंबोसेलीसाठी वेगळे दोन-तीन दिवस काढा.

राहायचं कुठे, हा भाग आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावा असं फार वाटतं. मारा राखीव क्षेत्राला लागून नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ अशी संरक्षित क्षेत्रं आहेत, तिथे त्यांना कंझर्व्हन्सी म्हणतात. जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची. कॅम्पवाले ती भाड्यानं घेतात, भाडं कुटुंबांना मिळतं आणि गुरं कुठे, कधी चारायची हे ठरवून दिलेलं असतं. खाटांची संख्या मर्यादित, म्हणून गर्दी नाही. राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी नेता येत नाही. इथे ठरावीक मर्यादेत नेता येते, रात्रीची सफारी आणि वाटाड्यासोबत पायी फेरीही होते. ज्यांच्या वावरात रानडुक्कर उभं पीक लोळवतं आणि ज्यांची गाय वाघानं मारलेली आहे, त्यांनी ही व्यवस्था डोळ्यांनी पाहावी. बफरच्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्याच्या, गेटवर आपल्या पोरांना गाईडचं काम मिळतं ते चांगलंच, पण जमिनीचं भाडं थेट घरात येणं ही वेगळी गोष्ट आहे. दर राखीव क्षेत्राबाहेरच्या साध्या लॉजपेक्षा चढे असतात. चार रात्रींपैकी दोन इथे आणि दोन साध्या जागी, असं केलं तर खर्च आवाक्यात राहतो.

गाडी दोन प्रकारची मिळते: वर उघडणारं छत असलेली व्हॅन किंवा लँड क्रूझर. पावसाच्या चिखलात व्हॅन अडकते, लँड क्रूझर निघते. दोघांसाठी अख्खी गाडी महाग पडते. दुसरं एखादं जोडपं सोबत घेतलं तर खर्च निम्मा, पण "प्रत्येकाला खिडकी" हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. दिवसभर सफारी करता येते, जेवणाचा डबा सोबत देतात. लघवीची सोय हा बायांचा खरा प्रश्न असतो, आणि तो कोणी विचारत नाही. ड्रायव्हर मोकळी जागा पाहून, चहूकडे नजर टाकून गाडीच्या मागे उतरू देतो. संकोच न करता अर्धा तास आधी सांगायचं, कारण वाटेल तिथे उतरता येत नाही.

दुर्बीण ८×४२ ची, आणि दोघांना दोन. एकीत वाटण्या केल्या की नेमक्या वेळी ती दुसऱ्याच्या हातात असते. कॅमेऱ्याला ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी, रिकामी कापडी पिशवी न्या, नैरोबीत दोन किलो तांदूळ भरा आणि छताच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. फोटो काढताना इंजिन बंद. धुळीला आपला दुपट्टाच उत्तम. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे, पहाटे उघड्या गाडीत हुडहुडी भरते, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी हवीच. ताडोब्यात मिरवतात ते लष्करी ठिपक्यांचे कपडे घरी ठेवा, केनियात ते सैन्याचे मानले जातात. गडद निळा आणि काळाही नको, त्से-त्से नावाची चावरी माशी त्या रंगांकडे येते. मारात छोट्या विमानानं जाणार असाल तर हातातल्या पिशवीसकट १५ किलो आणि बॅग मऊ, चाकांची कडक पेटी घेत नाहीत.

प्लास्टिकची कॅरीबॅग केनियात २०१७ पासून बंद आहे. सामान बांधताना पन्न्या काढून कापडी पिशव्या वापरा. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) तर नेऊच नका, पन्नीही नको आणि माल तर त्याहून नको. विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर अनारसे आणि खसखस घातलेला मसाला सामानात राहू देऊ नका. तिथे खसखस अमली पदार्थांत मोडते आणि माणसं त्यापायी तुरुंगात गेलेली आहेत. खाण्याची चिंता मात्र करू नका. चपाती आणि चहा तिथे रोजचे शब्द आहेत, शाकाहारी असल्याचं कॅम्पला आधी कळवलं की सोय होते. शेंगदाण्याची चटणी न्या.

आता कागद. पासपोर्टला सगळ्यात जास्त वेळ नावातल्या फरकामुळे लागतो. बाईचं आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग असतं. आधी आधार आणि पॅन एकसारखे करा, मग पासपोर्टचा अर्ज. तिकीट पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी लागते, अशी) नोंद येते, तिला घाबरू नका. ती ठरावीक देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी आहे, फिरायला जाणाऱ्याला आडवी येत नाही. केनियाचा व्हिसा जानेवारी २०२४ पासून गेला, त्याजागी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, आला. प्रत्येकाचा वेगळा अर्ज, केनिया सरकारच्याच संकेतस्थळावर. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे उकळतात.

पिवळ्या तापाची लस ही इथली सगळ्यात मोठी अडचण. ती पीएचसीत मिळत नाही, फक्त केंद्र सरकारनं मान्य केलेल्या केंद्रांत, पासपोर्ट दाखवून. ठरलेल्या वारी आणि मोजक्याच मात्रा असतात, म्हणून महिनाभर आधी चौकशी करा. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. वय साठीपुढे असेल, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

पॅकेजच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे टूरवाल्यानं आगाऊ गोळा केलेला आयकर, घेतला जातो. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून आपल्यातले अनेक जण रिटर्न भरत नाहीत, आणि हे पैसे तसेच राहतात. पॅन द्या आणि त्या वर्षाचं रिटर्न भरा, कर लागत नसेल तर रक्कम परत मिळते. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या, न दुमडलेल्या घ्या, जुन्या नाकारतात. आपलं यूपीआय चालेल असं धरू नका. कार्ड घ्यायचं ते परदेशी व्यवहार सुरू करून घेतलेलं.

मुंबईहून नैरोबीला थेट विमान सहा तासांच्या आसपास घेतं. विदर्भ एक्सप्रेसनं जाणार असाल तर त्याच दिवशीचं विमान धरू नका, गाडीला उशीर झाला तर तिकीट बुडतं. एक दिवस मध्ये ठेवा.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधी सुरू करायच्या. परत आल्यावरही त्या चालू असतात, एका औषधाच्या आठवडाभर, दुसऱ्याच्या चार आठवडे. घरी पोचल्यावर लोक त्या सोडून देतात, आणि चूक तिथेच होते. परतल्यानंतर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर घरी पॅरासिटामॉल घेत बसू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य "आफ्रिकेत जाऊन आलो" हेच सांगा.