तुम्ही विचारलंत म्हणून: थिबा राजाने असं केलं तरी काय होतं?

थिबा पॅलेस बघून आलेल्या माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो, की या राजाने एवढं केलं तरी काय होतं हो, की त्याला ब्रह्मदेशातून उचलून थेट रत्नागिरीत आणून बसवलं. इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा नीट लिहूनच ठेवतो.

छोटं उत्तर म्हणजे सागाच्या लाकडाचं बिल. फक्त तेवढंच नाही, पण गोष्ट तिथून सुरू करायची, राजाच्या स्वभावापासून नाही.

कारण सगळीकडे सांगतात ते स्वभावाचंच. थिबा क्रूर होता, दारूडा होता, सुपयालत राणीच्या मुठीत होता, त्याने भावंडं मारली वगैरे. यातली कत्तल खरी आहे. फेब्रुवारी १८७९ मध्ये आधीच्या मिंडॉन राजाची मुलं आणि नातलग असे सत्तर-ऐंशी जण मंडालेच्या राजवाड्यात मारले गेले, थिबा तेव्हा वीस वर्षांचा होता आणि कारभार सासू आणि मंत्र्यांच्या हातात होता, पण गादीवर तोच होता त्यामुळे जबाबदारी त्याचीच. मला त्याला साधुपुरुष ठरवायचं नाहीये. पण तारखा बघा ना. कत्तल १८७९ ची, युद्ध १८८५ चं. मधली साडेसहा वर्षं त्या मेलेल्या राजपुत्रांसाठी कोणी सैन्य हलवलं नाही. उलट १८७९ च्या सप्टेंबरात काबूलमध्ये इंग्रज वकील, म्हणजे राजदूत, मारला गेला तेव्हा घाबरून इंग्रजांनी मंडालेतला आपला रेसिडेंट, म्हणजे राजदरबारातला आपला प्रतिनिधी, तोही ऑक्टोबरात काढून घेतला. म्हणजे क्रौर्य दिसत होतं, सगळ्यांना माहीत होतं, आणि चालतही होतं.

आता लाकडाकडे येऊ. ब्रह्मदेशचा साग त्या काळी जहाजांसाठी जगात नावाजलेला होता. त्याचं काम फार हळू चालतं. ओला साग पाण्यात तरंगत नाही, म्हणून आधी झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि खालचं लाकूड गोल कापून काढतात आणि झाड उभ्याउभ्या दोन-तीन वर्षं वाळू देतात, मग तोडतात, हत्ती ते ओंडके ओढत ओढ्यापर्यंत नेतात, पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की ते वाहत नदीपर्यंत जातात, आणि तिथे तराफे बांधून समुद्राकडे निघतात. म्हणजे आज करार केला, पैसे ओतले, तर माल हातात यायला कित्येक वर्षं. त्यात हत्ती विकत घ्यायचे, जंगलात माणसांना ॲडव्हान्स वाटून ठेवायचे. ज्या व्यापाऱ्याचा पैसा असा वर्षानुवर्षं दुसऱ्या राजाच्या जंगलात उभा आहे त्याला त्या राजाच्या मर्जीवर राहणं किती जड जात असेल ते लक्षात घ्या, पुढचं बरंचसं त्यातूनच आलंय असं माझं मत आहे.

ही व्यापारी मंडळी म्हणजे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. नावात बॉम्बे उगीच नाही, वॉलेस बंधूंनी ही कंपनी १८६३ मध्ये मुंबईतच काढली. (कंपनी अजून आहे, मालक कधीच बदलले, आता वाडिया ग्रुपकडे आहे आणि ब्रिटानिया बिस्किटांच्या कंपनीत तिचा मोठा हिस्सा आहे.) तिने राजाकडून निंग्यान भागातली जंगलं ठेक्याने घेतली होती, आजच्या प्यिनमनाच्या आसपासची. तिथला माल सितांग नदीने टौंगूवरून खाली इंग्रज हद्दीत यायचा.

इंग्रज हद्द मधेच कुठून आली, तर ती दोन युद्धांतून. पहिलं १८२४ ते १८२६, त्यात आराकान आणि तेनासरीम गेलं. दुसरं १८५२ चं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं कारण १८८५ चा नमुना तिथे आधीच दिसतो. रंगूनच्या बर्मी सुभेदाराने दोन इंग्रज जहाजांच्या कप्तानांना दंड केला, कप्तानांनी कलकत्त्याला तक्रार केली, भरपाईची मागणी दहा हजार रुपयांच्याही आतली होती, ती वसूल करायला डलहौसीने आरमारी अधिकारी पाठवला, त्याने तिथे जाऊन राजाचं जहाज जप्त केलं, आणि बघता बघता रंगूनसकट सगळा पेगू प्रांत इंग्रजांचा झाला. राजाचा समुद्र गेला. भात पिकवणारा खालचा मुलुख गेला. उरला वरचा कोरडा भाग, ज्याला तांदूळही इंग्रज हद्दीतून आणायला लागायचा.

अशा राज्याचा खजिना कशावर चालणार? १८६७ च्या करारात मिंडॉन राजाने बाकी सगळ्या मालावरचा मक्ता सोडला, स्वतःकडे तीनच गोष्टी ठेवल्या, खनिज तेल, लाकूड आणि माणकं. त्यामुळे सागाचा पैसा हा थिबासाठी वरचा पैसा नव्हता, राज्यच त्यावर उभं होतं.

१८८५ मध्ये मंडालेच्या दरबारात कंपनीविरुद्ध केस उभी राहिली. आरोप असा की कंपनीने सुमारे ऐंशी हजार ओंडके बाहेर काढले आणि पैसे भरले तीसेक हजारांचे. कंपनीचं म्हणणं की आमचा करार एकरकमी होता, नगावर नाही. ऑगस्टमध्ये राजाच्या मंत्रिपरिषदेने, तिकडे तिला ह्लुट्टॉ म्हणायचे, निकाल दिला, बुडवलेला महसूल आणि दंड मिळून २३ लाख रुपयांच्या वर भरा.

निकाल बरोबर होता का? मला वाटतं आकडा फुगवलेला असू शकतो, दरबाराला पैशाची निकड होती हे उघड आहे. पण कंपनी धुतल्या तांदळासारखी होती असंही कोणी समजू नये. आणि मुख्य गोष्ट अशी की हे भांडण ठेकेदार आणि जमीनमालक यांच्यातलं होतं, करार कसा वाचायचा याचं. असल्या भांडणासाठी १८६७ च्या कराराने मिश्र कोर्टाची सोय केली होती, बर्मी अधिकारी आणि इंग्रज रेसिडेंट दोघांनी मिळून निवाडा करायचा. पण रेसिडेंट तर इंग्रजांनीच काढून नेलेला! मग मंडालेच्या दरबाराने स्वतःच्या जंगलाबद्दल स्वतःच्या देशात निकाल दिला तर तो कुठल्या नात्याने चुकला हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

आता इथे अधिकारी मंडळी येतात, आणि हा भाग लोक घाईने उरकतात. व्यापाऱ्यांनी सांगितलं आणि सरकारने युद्ध केलं इतकं ते सरळ नव्हतं. रंगूनचे व्यापारी १८८४ पासून सभा घेऊन वरचा ब्रह्मदेश खालसा करा म्हणत होते, तरी तिथला चीफ कमिशनर चार्ल्स बर्नार्ड त्याला अनुकूल नव्हता. लंडनला मात्र जून १८८५ मध्ये नवं सरकार आलं, भारतमंत्री झाला रँडॉल्फ चर्चिल, आणि निवडणूक तोंडावर होती. त्यातच फ्रेंचांचं प्रकरण निघालं. जानेवारीत ब्रह्मदेशाने फ्रान्सशी करार केला, नंतर हास नावाचा फ्रेंच वकील मंडालेत आला, बँक काढू, रेल्वे बांधू अशी बोलणी सुरू झाली. फ्रेंच पंतप्रधान फेरी यांचं एक पत्रही इंग्रजांच्या हाती लागलं, टोंकिनमार्गे, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममधून, शस्त्रं देण्याबद्दलचं.

ही बातमी पुरवली कोणी ते बघा. मंडालेत आंद्रेइनो नावाचा माणूस होता, इटलीचा कॉन्सल. हाच माणूस बॉम्बे बर्मा कंपनीचा एजंट, आणि ब्रह्मदेशातल्या इरावती नदीवर आगबोटी चालवणाऱ्या फ्लोटिला कंपनीचाही एजंट. म्हणजे ज्या कंपनीला २३ लाखांचा फटका बसणार होता तिचाच माणूस सरकारला सांगतोय की राजा फ्रेंचांना मिळालाय. पत्र खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण फेरींचं सरकार मार्चमध्येच पडलेलं होतं आणि विचारणा झाल्यावर पॅरिसने अंग काढून घेतलं होतं. ऑक्टोबर उजाडेपर्यंत फ्रेंच धोका जवळपास विरलेला होता आणि तरीही निर्वाणीचा खलिता गेलाच.

त्या खलित्याच्या अटी वाचल्या की सगळं स्वच्छ दिसतं. कंपनीवरची कारवाई थांबवा, आमचा वकील येऊन चौकशी करेल. त्याला मानाने राजापुढे येऊ द्या. यापुढे कायमचा रेसिडेंट ठेवून घ्या. परराष्ट्र व्यवहार हिंदुस्थान सरकारच्या सल्ल्याने चालवा. आणि भामोवरून, म्हणजे चीनच्या हद्दीजवळच्या इरावतीकाठच्या गावावरून, चीनशी इंग्रजांचा व्यापार व्हायला मदत करा. लाकडाची अट यात एकच आहे. परराष्ट्र व्यवहार दिला की राज्य नावापुरतं उरतं, आणि चीनची अट तर कंपनीचीही नव्हे, ती मँचेस्टरच्या कापडवाल्यांची जुनी इच्छा, की इरावतीने वर जाऊन मागच्या दाराने चीनच्या युनान प्रांतात माल घुसवायचा. त्या वाटेची पाहणी करायला १८६८ मध्येच एडवर्ड स्लेडन हा अधिकारी मंडालेहून निघून भामोच्या पलीकडे चीनच्या हद्दीत जाऊन आला होता.

थिबाचं उत्तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला आलं, आणि ते काही वेड्याचं उत्तर नव्हतं. कंपनीने अर्ज केला तर विचार करू, व्यापाऱ्यांना मदत करू, पण दुसऱ्या देशांशी संबंध कसे ठेवायचे हे स्वतंत्र देश स्वतः ठरवतो. मला विचाराल तर त्या सगळ्या पत्रव्यवहारातलं सगळ्यात समंजस वाक्य हेच. इंग्रजांनी ते नकार म्हणून घेतलं.

पुढे युद्ध असं फार झालंच नाही. जनरल प्रेंडरगास्टची सुमारे दहा हजारांची फौज फ्लोटिला कंपनीच्याच आगबोटींत बसून १४ नोव्हेंबरला हद्द ओलांडून गेली, मिन्हलाच्या किल्ल्यावर काय ती लढाई, २८ ला मंडाले, २९ ला थिबाने शरणागती दिली. त्याला घ्यायला राजवाड्यात आत कोण गेलं, तर तोच स्लेडन, चीनची वाट शोधणारा. १ जानेवारी १८८६ ला जाहीरनामा निघाला आणि राज्य खालसा.

खरी लढाई त्यानंतर सुरू झाली, गावोगावी, आणि ती चारेक वर्षं चालली, तीस हजारांवर सैन्य तिथे अडकलं. इंग्रज कागदांत त्या लोकांना सरसकट डाकू लिहिलंय. गावं जाळली गेली, माणसं गोळ्या घालून मारली गेली, आणि ते करणाऱ्यांत हिंदी शिपाई होते, हे आपण आपल्याकडे फारसं बोलत नाही. खर्चही आपल्याच तिजोरीतून. डिसेंबर १८८५ च्या शेवटी मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यात फिरोजशाह मेहतांनी ठराव मांडला की हे खालसा करणं आम्हाला मान्य नाही, आणि करणारच असाल तर सगळा ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा काढा. थिबा तेव्हा मद्रासला येऊन पोचला होता. काँग्रेसच्या अगदी पहिल्या ठरावांत ब्रह्मदेश आहे हे शाळेत कोणी शिकवत नाही, शिकवायला हवं.

आणि २३ लाखांचं काय झालं? दावा लावणारा दरबारच उरला नाही, त्यामुळे दंड गेला. कंपनी जंगलात राहिली आणि पुढे कितीतरी मोठी झाली.

याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, की बाकी सगळं ठीक, पण रत्नागिरीच का? तर तिथे रेल्वे नव्हती, बर्मी माणूस नव्हता, घाट ओलांडून येणं अवघड आणि पावसाळ्यात बंदरही बंद. एप्रिल १८८६ मध्ये त्याला तिथे आणलं. पॅलेस मात्र १९१० ला पुरा झाला, तोवर भाड्याच्या बंगल्यांत, आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथेच वारला. टिळक मंडालेला आणि थिबा रत्नागिरीला ही जोडी सगळेच सांगतात, म्हणून ती मी इथे घेतली नाही.